ताईचं क्रिओल

परदेशातून परतलेल्या माणसाला आमच्या ठाणे-डोंबिवलीत पहिला प्रश्न त्या देशाबद्दल विचारत नाहीत, जेवणाबद्दल विचारतात. "खाण्याचे हाल नाही ना झाले?" फडके रोडवर सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या घोळक्यात हा प्रश्न मी कितीदा तरी ऐकला आहे. त्याचं सर्वमान्य उत्तर असं: "छे हो, रोज आपलंच जेवण. एका रात्री तर पुरणपोळी!" मग सगळे समाधानाने माना डोलावतात आणि गणपती मंदिराकडे वळतात. आम्ही नवरा-बायको युरोपला असेच जाऊन आलो. व्यवस्था चोख होती, नाव ठेवायला जागा नव्हती. संध्याकाळ झाली की बस एखाद्या भारतीय हॉटेलाशी थांबायची; आत पिवळी डाळ, बटाट्याची भाजी, गुलाबजाम. त्या सहलीतले डोंगर आणि चर्च मला आजही आठवतात. पण तिथली माणसं घरी काय खातात असं कुणी विचारलं, तर चॉकलेटच्या पुढे माझी गाडी जात नाही.

मॉरिशसला गेलो ते मी आणि ताई, दोघीच. ताई ठाण्याची, नौपाड्यातली. उभा जन्म शाळेत मराठी शिकवण्यात गेला. आम्ही सीकेपी, त्यामुळे मासे आणि वालाचं बिरडं या दोन विषयांत ती दुसऱ्याचं मत विचारात घेत नाही. मॉरिशस ठरलं तेही तिच्याच हिशेबाने. मुंबईहून थेट विमान, सहा-साडेसहा तासांचा प्रवास, व्हिसाची कटकट नाही, आणि घड्याळ आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागे, म्हणजे रक्तदाबाच्या गोळीची वेळ फारशी हलत नाही. माझ्या मुलाने समुद्रकाठचं हॉटेल न घेता कात्र बोर्न नावाच्या बेटाच्या आतल्या गावात एक लहानसा फ्लॅट भाड्याने घेऊन दिला. "तिथे भाजीबाजार आहे, मेट्रो आहे. मावशीला समुद्रापेक्षा बाजारात जास्त रस," असं तो म्हणाला, आणि ते खरंच होतं.

दिवाळी उरकून निघालो. ताईच्या बॅगेत मेतकूट, गोडा मसाला, थेपले आणि कडवे वाल होते. बी-बियाणं तिथे नेता येत नाही म्हणून वाल शेवटच्या क्षणी काढावे लागले. विमानतळापर्यंत ती त्यावर बोलत होती.

घरमालकीण तमिळ वंशाची होती. तिच्या पणज्या-खापरपणज्यांपैकी कुणीतरी मद्रासकडून आलेलं, पण तमिळ तिला देवळापुरतं येत होतं. घरात बोलणं क्रिओल. शाळा इंग्रजीत झालेली, पेपर फ्रेंचमध्ये वाचायचा आणि भांडायचं, हसायचं, भाजी घ्यायची ती क्रिओलमध्ये. हा तिथला साधारण रिवाज. १७१५ ते १८१० बेट फ्रेंचांकडे होतं. उसाच्या मळ्यांवर आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम आणले गेले. मालकांची फ्रेंच आणि राबणाऱ्यांची गरज यांतून ही बोली उभी राहिली. पुढे इंग्रज आले, गुलामगिरी बंद झाली, हिंदुस्थानातून मजूर आले, आणि त्यांनीही शेवटी हीच उचलली. बहुतेक शब्द फ्रेंचवरून आलेले, पण व्याकरण पार वेगळं.

त्या व्याकरणावर ताईची पहिली प्रतिक्रिया पाहण्यासारखी होती. मालकिणीने चहा पिता पिता समजावलं: मांझे म्हणजे खाणं. मो मांझे, मी खाते. मो ती मांझे, मी खाल्लं. मो पे मांझे, मी खातेय. मो पू मांझे, मी खाईन. क्रियापद जागचं हलत नाही. तो, ती, ते, सगळ्यांना एकच 'ली'. ताई थोडा वेळ गप्प बसली. मग मला म्हणाली, "लिंग नाही, वचन नाही, क्रियापद चालवणं नाही. मग परीक्षेत विचारतात काय?" पण त्याच संध्याकाळी ती वहीत तक्ता आखून बसली होती. समोरच्याला मान द्यायचा असेल तर 'तो' म्हणजे तू, त्याऐवजी 'ऊ' म्हणजे तुम्ही म्हणायचं, हे कळल्यावर तिचा भाषेबद्दलचा आदर जरा वाढला. आणि उच्चार आपल्या तोंडात चटकन बसतात. 'बोंझूर' मधला झ आपल्या झाडाचा झ आहे. त्यासाठी मराठी माणसाला वेगळी मेहनत नाही.

दुकानात शिरल्यावर आधी बोंझूर म्हणायचं आणि मगच वस्तू मागायची, हे मालकिणीने बजावून सांगितलं होतं. आपल्याकडे आपण काउंटरवर हात टेकून "अर्धा किलो रवा" असं सुरू करतो, तिथे ते उद्धटपणाचं दिसतं. आम्ही सवय लावून घेतली. नंतर डोंबिवलीत आमच्या वाण्याला मी दोन-चार दिवस "नमस्कार" म्हणत होते. त्याने काळजीने विचारलं, "काकू, बरं आहे ना सगळं?"

आता दालपुरी. रोझ हिलमधल्या एका गाडीवर आम्ही ती पहिल्यांदा खाल्ली. मेट्रोतून उतरून पाच मिनिटांवर रांग दिसली. डोंबिवलीच्या माणसाला रांग दिसली की काही वेगळं सांगावं लागत नाही. हरभऱ्याची किंवा पिवळ्या वाटाण्याची डाळ हळद घालून शिजवायची, पाणी काढून कोरडी भुगाभुगा वाटायची, जिरं घालायचं, मैद्याच्या उंड्यात भरायची आणि इतकी पातळ लाटायची की तव्यावर दोन मिनिटांत व्हावी. गूळ विसरलेली पुरणपोळीच म्हणायची. ती एकटी कधी मिळत नाही, जोडीनेच मिळते: 'एन्न पेर'. दोन पोळ्या हातावर पसरायच्या, त्यांवर ग्रो प्वा म्हणजे मोठ्या पांढऱ्या वालांची रस्साभाजी, टोमॅटोची रुगाय, कोथिंबिरीची चटणी, वर पीमा म्हणजे मिरचीचा ठेचा. मग गुंडाळी करून कागदात. विकणारा हे सगळं इतक्या झपाट्याने करतो की आपण पैसे मोजेपर्यंत पुढचा माणूस खायला लागलेला असतो.

ताई वहीतलं वाक्य पाठ करून उभी होती. "बोंझूर मेस्ये. एन्न पेर, सिल्व्हूप्ले." विकणाऱ्याने न बघता विचारलं, "पीमा?" इथे सावध माणूस 'तिगित' म्हणतो, थोडीशी. ताई म्हणाली, "बोकू." भरपूर. त्याने मान वर केली, तिच्याकडे बघितलं, मागे रांगेत उभ्या असलेल्यांकडेही बघितलं. मी ठाणेकर नसलेल्यांसाठी सांगते: तहसील कचेरीजवळच्या मामलेदार मिसळीत वरून आणखी तर्री मागून घेणारी ही बाई आहे. पहिल्या घासाला तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, नाक लाल झालं, पण हातातली गुंडाळी खाली आली नाही. रांगेतले लोक खुलले. कुणी विचारलं, "कोत ऊ सोर्ती?" कुठून आलात? ताईने नाक पुसत उत्तर दिलं, "मो सोर्ती लेंद." मी भारतातून आले. तोपर्यंत सगळे तिच्या बाजूने झाले होते. एका आजोबांनी आपल्याकडची आलुदा तिच्यासमोर धरली. ती आपल्या फालुद्याची तिथली बहीण: दूध, सब्जा, आगर-आगरच्या शेवया.

ग्रो प्वाबद्दल ताईचं मत मात्र रांगेतून बाहेर पडल्यावर आलं. "चव छान आहे. पण वाल सोललेले नाहीत. मोड आणलेले नाहीत." मी म्हटलं, "ताई, रस्त्यावरची गाडी आहे, तुझं स्वयंपाकघर नाही." "तरीसुद्धा," ती म्हणाली.

सकाळचा नाश्ता आम्हाला लवकर सापडला. गातो पीमा. नाव फ्रेंच, म्हणजे मिरचीचा केक. वस्तू आपला डाळवडा. डाळ भिजवून भरड वाटायची, हिरवी मिरची, कोथिंबीर, कांद्याची पात घालून लहान लहान वडे तळायचे. गंमत पुढे आहे. तिथे सकाळी दारोदार फ्रेंच पद्धतीचा पाव असतो, कडक सालीचा. तो चिरायचा, लोणी लावायचं आणि आत चार-पाच गातो पीमा दाबून बसवायचे. वडापाववर वाढलेल्या आमच्यासारख्या माणसांना हे खायला शिकवावं लागत नाही. कल्याणच्या खिडकी वड्यापासून ठाण्याच्या कुंजविहारपर्यंत आम्ही जे आयुष्यभर खाल्लं, त्याचाच हा लोणी लावलेला चुलतभाऊ. मला लोणी आवडलं. ताईचं म्हणणं, लोण्याने तिखटाचा जोर काढून घेतला. चहाबद्दल मात्र आमचं एकमत होतं. बुआ शेरीच्या मळ्यातल्या त्या चहाला व्हॅनिलाचा वास होता. आलं नाही, वेलची नाही, व्हॅनिला. मालकीण प्रेमाने दूध-साखर घालून तो रोज द्यायची. पहिल्या दिवशी ताईने कप नाकाजवळ नेला आणि मराठीत म्हणाली, "आईस्क्रीम पातळ झालंय." घरमालकिणीने विचारलं, काय म्हणाल्या? मी सांगितलं, फार सुगंधी आहे म्हणाल्या.

बाजारात आमचे तासन्‌तास जात. लालो म्हणजे भेंडी, ब्रिंझेल म्हणजे वांगं, मार्गोझ म्हणजे कारलं, पातोल म्हणजे पडवळ, कोतोमिली म्हणजे कोथिंबीर. शेवग्याच्या पाल्याला ब्रेद मुरूम म्हणतात आणि तो जुडीने विकतात. आपल्याकडे शेंगा खाऊन आपण पाला सोडून देतो, तिथे पाल्याला शेंगेइतकाच मान. ज्या मजुरांनी ज्या भाजीचं बी आणलं, किंवा ज्यांनी ती आधी ओळखली, त्यांच्या भाषेतली नावं क्रिओलमध्ये रुजली. तमिळ, हिंदुस्थानी, फ्रेंच, सगळी एकाच टोपलीत. ताई प्रत्येक टोपलीपुढे उभी राहून "कोम्ये?" विचारायची, आणि आकडा ऐकून, कळला नाही तरी, "आयो!" म्हणायची. हा उद्गार तिथे सगळे वापरतात. ठाण्याच्या गावदेवी मार्केटमध्ये भाव ऐकून आपण जो चेहरा करतो, त्याच्याशी तो बरोबर जुळतो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा भाजीवालीने तिला लांबूनच "आयो!" अशी हाक मारली.

समुद्र पाहिला. निळा आहे. सात रंगांची माती पाहिली, गंगा तलावावरचा १०८ फुटी शंकर पाहिला. या सगळ्याचे फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहेत, आणि मॉरिशसला गेलेल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहेत.

पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर मात्र थांबायला हवं. इमारत मोठी नाही. बंदरावरून वर येणाऱ्या १६ दगडी पायऱ्या, त्यांवरून मजूर वर चढत. १८३४च्या नोव्हेंबरात 'अ‍ॅटलास' जहाजाने आलेल्या ३६ जणांपासून पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं करारावर आली. बहुतेक कलकत्त्याहून, मग मद्रासहून, आणि थोडी मुंबईहून. त्या थोड्यांत आपली होती. रत्नागिरी, सातारा, कोकणपट्टी. मुंबईहून जहाजात बसताना कारकुनाने नाव विचारलं, यांनी नाव आणि बापाचं नाव सांगितलं, आणि तेच पुढे आडनाव होऊन बसलं. म्हणून तिथे भिवाजी हे आडनाव आहे. या भिवाजी कुटुंबाने १८९६ साली बेटावरचा पहिला गणपती बसवला, असं तिथले मराठी लोक सांगतात. आज गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. देशात मराठी मुळाची माणसं जेमतेम दीड-दोन टक्के असतील. हे ऐकून ताईचा ऊर भरून आला आणि मला कळलं, की आता ती मराठी माणूस शोधणार.

शोधावा लागला नाही. दालपुरीच्या त्याच रांगेत एकदा आम्ही दोघी सुट्ट्या पैशांवरून वाद घालत होतो, तर पुढची बाई वळली आणि हळू, प्रत्येक अक्षर सुटं करून म्हणाली, "आपण महाराष्ट्रातून आला आहात का?" साठीच्या आतबाहेरची, केसांचा बॉब, हातात कापडी पिशवी. प्राथमिक शाळेत मराठी शिकवत होत्या, नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत त्या मराठी शिकल्या होत्या. आडनाव आणि गाव मी लिहीत नाही, बाई म्हणते. ताईला तर जत्रेत हरवलेली बहीण भेटल्यासारखं झालं. दोन मराठीच्या बाई, दोन समुद्रकाठांच्या. रविवारी जेवायला यायचं ठरलं.

घर वाकुआच्या बाजूला, ऊस जिथे संपतो तिथे. अंगणात लिचीचं झाड, त्यावर वटवाघळांसाठी जाळी टाकलेली. घरात बाई, त्यांचे यजमान, ऐंशी ओलांडलेल्या सासूबाई, ज्यांना सगळे आजी म्हणत, आणि शाळेत जाणारा एक नातू. आम्ही सोफ्यावर बसलो आणि मराठी सुरू झालं.

खरं सांगायचं तर पहिला पाऊण तास अवघड गेला. बाईंची मराठी पुस्तकातली, शुद्ध, जपून वापरलेली. "आपला प्रवास सुखाचा झाला ना? आपले निवासस्थान कोठे आहे?" ताई रंगात येऊन ठाण्याच्या वेगाने सुटली: "अहो, नौपाड्यात, स्टेशनपासून वॉकिंग डिस्टन्स, पण आता रिडेव्हलपमेंटमध्ये बिल्डिंग गेलीय ना, म्हणून टेंपररी घोडबंदरला शिफ्ट झालेय." बाईंच्या कपाळावर आठी. यातलं त्यांना फारसं कळलं नव्हतं, कारण त्यांची मराठी इंग्रजीशिवायची होती आणि आमची इंग्रजीशिवाय दोन पावलं चालत नव्हती. मग नातवाला पुढे करण्यात आलं. त्याने हात मागे बांधून शाळेतला एक धडा म्हणून दाखवला. ताई म्हणाली, "वा, किती छान! किती स्पष्ट उच्चार!" मुलगा लाजला, फोन घेऊन आत गेला. आजी कोपऱ्यात बसून आमच्याकडे बघत होत्या. त्यांना आमची मराठी कळत नव्हती आणि आमच्याशी कोणत्या भाषेत बोलावं ते ठरत नव्हतं.

चहा ठेवायला उठताना बाई जे बोलल्या ते मी विसरलेले नाही. कुठेही कडवटपणा नव्हता. म्हणाल्या, "भारतातून पाहुणे येतात. आमची मराठी ऐकतात. 'वा' म्हणतात. छायाचित्र काढतात. नंतर आपापसांत इंग्रजीत बोलतात."

ताई क्षणभर काही बोलली नाही. मग वहीतली पानं न उलटता आजींकडे वळून म्हणाली, "आजी, कोत लाक्विझीन?" स्वयंपाकघर कुठे?

आजींनी आधी तिच्याकडे, मग सुनेकडे पाहिलं, आणि हसत सुटल्या. बोळकं तोंड, पण हसणं घरभर. "व्हीनी, व्हीनी," ये, ये, म्हणत त्यांनी ताईचा हातच धरला.

मागच्या पडवीत रोस कारी होता. पाटा-वरवंटाच, काळ्या दगडाचा, टाकी लावलेला. त्याच्या वरवंट्याला तिथे बाबा म्हणतात. आजींनी तो दोन्ही हातांत उचलून, तान्ह्या मुलाला खेळवतात तसा हलवून ताईला दाखवला. ताई म्हणाली, "अगं, बारशाला आपण हाच पाळण्यात घालतो!" आणि ते आजींना सांगण्यासाठी तिने बाबा मांडीवर घेऊन जोजवून दाखवला. बाई आतून धावत आल्या, काय झालं म्हणून.

मग ताईला पाट्यावर बसवण्यात आलं. भाजलेले टोमॅटो, तिथे त्याला पोम्दामूर म्हणतात, हिरव्या मिरच्या, मीठ, कोथिंबीर. ताईने आपल्या पद्धतीने खसाखसा वाटायला घेतलं, तर आजींनी तिच्या मनगटावर हात ठेवला. "दुस्मां, दुस्मां." हळू. मिरची आणि मीठ आधी एकजीव होऊ द्यायचं. वरवंटा ओढायचा नाही, पुढे लोटायचा आणि परत येताना जवळजवळ उचलायचा, म्हणजे मिरचीचं बी फुटतं आणि साल लांबट राहते. टोमॅटो मागाहून, आणि तो वाटायचा नाहीच, नुसता दाबून फोडायचा. ताईने एकदा जास्त चिरडला तर आजींच्या तोंडून "आयो!" निघालं. पाणी पाट्यावरून ओघळून बोटांवर आलं. आजींनी ते चाटून पाहिलं, ताईपुढे बोट केलं, ताईनेही चाटलं. "आंकोर पीमा," ताई म्हणाली. अजून मिरची. आजींनी तिच्याकडे असं पाहिलं, की सून म्हणून हिला कुणी आणली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर घर बोलू लागलं. बाई क्रिओलमध्ये सुटल्या, आणि मला पहिल्यांदा समजलं की त्या विनोदी आहेत. सोफ्यावर ज्या बाई शब्द शोधत होत्या त्या इथे सासूची नक्कल करत होत्या, नवऱ्याला कोपरखळ्या मारत होत्या, शेजारणीचा आवाज काढत होत्या. मला निम्मंच कळत होतं आणि निम्म्यावर मी मनापासून हसत होते. अडलं की त्या मराठी शब्द द्यायच्या, आम्ही क्रिओल शब्द मागायचो, आणि दोन्ही नाही जमलं तर चमचा नाहीतर वाटी उचलून दाखवायची. नातू फोन ठेवून आला आणि ताईचे उच्चार दुरुस्त करायला लागला. थोड्या वेळापूर्वी ती त्याच्या उच्चारांचं कौतुक करत होती. यजमानांनी सांगितलं, २०१२पासून प्राथमिक शाळेत हिंदी, तमिळ, तेलुगू, मराठी, उर्दू यांच्या बरोबरीने क्रिओलही विषय म्हणून घेता येतं. घरात त्यावरून वाद झाला होता. आपली भाषा कोणती? पणजोबांची की आपण स्वप्नात बोलतो ती? बाई मराठीच्या शिक्षिका. त्यांनी नातवाला मराठीच घ्यायला लावलं. "पण त्याला रागावते क्रिओलमध्ये," यजमान म्हणाले. त्यांनीच देव विरासामी या तेलुगू वंशाच्या लेखकाचं नाव सांगितलं, ज्याने शेक्सपिअरच्या 'टेम्पेस्ट'वरून क्रिओलमध्ये 'तुफान' नावाचं नाटक लिहिलं. ताईने ते वहीत लिहून घेतलं.

जेवायला भात, डाळ, ब्रेद मुरूम, आम्ही वाटलेली चटणी आणि माशाचं व्हिंदाय. व्हिंदायबद्दल सीकेपी म्हणून माझं सविस्तर निवेदन आहे. तळलेला मासा, वर हळद, वाटलेली मोहरी, लसूण, उभा चिरलेला कांदा, अख्ख्या हिरव्या मिरच्या आणि व्हिनेगर. गोव्याच्या विंदालूचा हा लांबचा नातेवाईक, दोघांचं मूळ पोर्तुगीज. पण इथे लाल मिरची नाही, रस्सा नाही; सगळं पिवळं आणि मोहरीचं झणझणीत. ताजं खायचं नाही. आदल्या दिवशी करून ठेवायचं, मुरू द्यायचं, गारच वाढायचं. गार मासा म्हटल्यावर मी जरा बिचकले. पहिल्या घासात मोहरी नाकात गेली, मग आंबट, मग मासा घट्ट आणि गोडसर. माझ्या आईच्या हातच्या सुरमईनंतर माशाच्या बाबतीत मी इतकी गप्प पहिल्यांदाच झाले. तिसऱ्यांदा वाढून घेतलं. ताई बोटं चाटत म्हणाली, "याला बिरड्याची जोड हवी," म्हणजे सर्वोच्च पदवी दिली.

जेवणानंतर आजींनी जाखडीचं एक गाणं म्हटलं. गणपतीत तिथे अजून जाखडी नाचतात; कोकणातून जी गेली ती तशीच टिकून आहे. दिव्या-डोंबिवलीकडच्या कोकणी मंडळांत मी ती ऐकलेली, ठेका ओळखीचा होता. शब्द झिजून गुळगुळीत झालेले, काही ओळखू येत होते, काही नाही. आजींनाही सगळ्यांचा अर्थ माहीत नसावा. माझी नजर ताईकडे गेली, कारण अर्थ न विचारता गाणं सोडणं तिच्या स्वभावात नाही. तिने पेन काढलंच नाही. ती टाळ्यांनी ठेका धरून बसली होती.

निघताना बाईंनी ताईला मराठीत विचारलं, "आमच्या घरी आपणास संकोच तर वाटला नाही ना?" ताईने उत्तर क्रिओलमध्ये दिलं: "मो फिन बियें मांझे." मी चांगली जेवले. दोघींनी एकमेकींना मिठी मारली. मेट्रोत बसल्यावर ताई म्हणाली, "पहिला पाऊण तास मी त्यांची तोंडी परीक्षा घेतली गं." मी म्हटलं, "हो, आणि नंतर आजींनी तुझी घेतली." "पास झाले ना?" "टोमॅटो जास्त चिरडलास."

शेवटचे दिवस ती फक्त क्रिओल बोलायची. चालणारं, मोडकं, पण बेधडक. टॅक्सीवाल्याशी, विमानतळावरच्या सुरक्षा रक्षकाशी, मेतकुटाच्या डब्याबद्दल विचारणाऱ्या अधिकाऱ्याशी. त्याला मेतकूट क्रिओलमध्ये समजावून सांगताना तिने तीन डाळी, जिरं, हिंग सगळं सांगितलं. शेवटी त्याने वास घेतला, "कोरेक" म्हणाला आणि डबा परत दिला.

डोंबिवलीत आल्यावर घोळक्यात ठरलेला प्रश्न आलाच. मी सांगितलं, हाल कसले, मी गार मासे आणि चहात व्हॅनिला खाऊन आले. कुणाला ते फारसं पटलं नाही. गातो पीमा मी घरी केले, पाव आणि लोणी घेऊन. मुलांना आवडले, नवऱ्याचं म्हणणं, लोण्याऐवजी लसणीची चटणी असती तर बरं. दालपुरी ताईने ठाण्यात करून पाहिली. पुरण वाटायच्या यंत्रातून डाळ ओलसर निघते आणि पोळी फुटते, म्हणून तिने ती चाळणीतून कोरडी चाळून घेतली. आता जमते.

वाकुआहून आवाजी निरोप येतात. आजी बोलतात, नातू फोन धरतो, ताई तीन-तीनदा ऐकते आणि उत्तर ध्वनिमुद्रित करण्याआधी कागदावर लिहून काढते. पुढच्या वर्षी बाई आणि आजी महाराष्ट्रात यायच्या आहेत. रत्नागिरीकडे मूळ गाव सापडतं का ते बघणार, आणि वाटेत ठाण्याला ताईकडे मुक्काम. यादी तयार आहे: मामलेदार मिसळ, कल्याणचा खिडकी वडा, डोंबिवलीला माझ्याकडे सुरमई. आजींनी विचारलं, वड्याबरोबर दिपें, म्हणजे पाव, असतो का. ताईने कळवलं, असतो, पण लोणी नाही.

"आणि बिरडं?" मी विचारलं.

"बिरडं तर आहेच. पण आयतं नाही," ताई म्हणाली. "तिने मला पाट्यावर बसवलं. मी तिला वाल सोलायला बसवणार."